बॉडीगार्ड व्हायचंय? मग आधी हे वाचून घे

एका पोरानं विचारलंय. वय २३, उंची सहा फूट, जिम नियमित, आर्मी भरती आणि पोलीस भरती दोन्हीकडे थोडक्यात हुकलं, आता मुंबईत येऊन बॉडीगार्ड व्हायचंय, तर काम नक्की काय असतं, गन मिळते का, हे फील्ड किती जुनं आहे आणि यात पुढे काही आहे का. प्रश्न चार आहेत, उत्तर लांबणार, चहा घेऊन बस.

मी फौजेतून हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि तेव्हापासून मुंबईत याच लाइनीत आहे. सुरुवात एका बिल्डरकडे गनमन म्हणून, मग साहेबांबरोबर फिरणारा पीएसओ, म्हणजे पर्सनल सिक्युरिटी ऑफिसर, आता टीम लावतो आणि पोरांना शिकवतो. कुणाकुणाबरोबर काम केलं ते विचारू नकोस, या धंद्यात नावं सांगत फिरणाऱ्याला पुढचं काम मिळत नाही.

पहिली गोष्ट, तुझी उंची आणि छाती. उपयोग होतो, नाही असं नाही, पण त्याची खरी गरज बाउन्सरला. बाउन्सर जागा सांभाळतो, पबचं दार असेल, इव्हेंटचं स्टेज असेल, तिथं समोरच्याला बघूनच दम बसावा म्हणून धिप्पाड पोरं उभी करतात. आपण माणूस सांभाळतो आणि तो माणूस दिवसभर हलत असतो, घर, ऑफिस, साइट, कोर्ट, देऊळ, एअरपोर्ट. काळा टाइट टीशर्ट, कानात वायर आणि डोळ्यावर गॉगल असला की लांबूनच कळतं इथं कुणीतरी मोठा आलाय. काही सेलिब्रिटींना तेच पाहिजे असतं, तीसुद्धा सर्व्हिसच आहे, पैसे बरे मिळतात. पण ज्याला खंडणीचे फोन आलेत किंवा ज्याचा भागीदाराशी जमिनीवरून वाद पेटलाय त्याला असा माणूस लागतो जो चारचौघांत मिसळून जाईल. माझ्याकडचा सगळ्यात भरवशाचा पोरगा पाच फूट सात इंच आहे, चष्मा लावतो, लोक त्याला साहेबांचा सीए समजतात आणि त्याच्यासमोर बिनधास्त बोलतात.

आता काम. समज साहेबांना रात्री आठला नवी मुंबईत एका लग्नाला जायचंय. तुझं लग्न दुपारी तीनलाच सुरू होतं. हॉलवर जायचं, आधी मॅनेजरला नाही, वॉचमनला भेटायचं, कारण खरं तोच सांगतो. मागचं गेट कॅटररसाठी उघडं असतं की कुलूप असतं, किल्ली कुणाकडे, ती व्यक्ती रात्री नऊला जागेवर असते का. सर्व्हिस लिफ्ट चालते का, की तिच्यात स्टीलची टेबलं कोंबून ठेवलीत. डेकोरेशनवाल्यानं फुलांची कमान लावून मेन एंट्री किती अरुंद केलीय, तिथं दोन माणसं बाजूबाजूनं जातील का. स्टेजला पायऱ्या एकाच बाजूला आहेत की दोन्ही, कारण एकाच बाजूला असतील तर वर गेलेला साहेब फोटोच्या रांगेत अडकला, आणि त्या रांगेत प्रत्येकाच्या हातात गिफ्टचं पाकीट असतं. जनरेटर कुठे आहे, लाइट गेली तर किती वेळात उचलतो. टॉयलेट कुठे. दुसरा कुठला पुढारी येणार आहे का, त्याच्याबरोबर हत्यारी माणसं किती, त्यांच्यातल्या एकाशी आधीच ओळख काढून ठेवायची म्हणजे ऐनवेळी एकमेकांकडे संशयानं बघायला नको. व्हॅलेवाल्याला चावी द्यायची नाही, तो कितीही गोड बोलला तरी. गाडी तोंड बाहेर करून लावायची. आणि जवळचं हॉस्पिटल कुठलं, नुसतं नाव नको, रात्री कॅज्युअल्टीत सर्जन असतो का ते फोन करून विचारायचं.

एवढं करून साहेब येतात, वीस-पंचवीस मिनिटं थांबतात, आहेर देतात, अर्धी गुलाबजाम खातात आणि निघतात. काहीही होत नाही. गाडीत बसल्यावर म्हणतात, काय रे, उगाच दुपारपासून येऊन बसलास. त्यावर हसायचं आणि गप्प बसायचं. या तयारीला आम्ही अ‍ॅडव्हान्स म्हणतो आणि माझ्या मते कामाचा बहुतेक भाग हाच आहे, बाकी फायटिंग, गोळीबार वगैरे ज्या दिवशी करायची वेळ येते त्या दिवशी आधीच कुठेतरी काहीतरी सुटलेलं असतं.

पोरांना अ‍ॅडव्हान्स शिकवताना मी अमेरिकेचं मॅन्युअल काढत नाही, प्रतापगड सांगतो. १० नोव्हेंबर १६५९. आपल्याला लहानपणापासून वाघनखं आणि बिचवा पाठ असतो, पण सिक्युरिटीच्या नजरेनं परत वाच. भेटीची जागा कुणी ठरवली? महाराजांनी, गडाच्या खाली, खानाला त्याच्या मोकळ्या मैदानातून काढून जावळीच्या जंगलात आणलं. शामियाना कुणी उभारला? आपल्या लोकांनी. सोबत माणसं किती असावीत हे वकिलांमार्फत आधी बोलून ठरवलेलं. अंगरख्याखाली चिलखत, पागोट्याखाली जिरेटोप, म्हणजे आजच्या भाषेत कन्सील्ड व्हेस्ट. जंगलात पायदळ दबा धरून आणि इशारतीची तोफ ठरलेली. आणि सगळ्यात भारी भाग म्हणजे शामियान्यात सय्यद बंडा जवळ उभा आहे हे कळल्यावर महाराज पुढे गेले नाहीत, त्याला लांब उभा करायला लावला मगच आत गेले. पट्टा चालवण्यात नाव असलेला माणूस, म्हणजे खानाच्या बाजूचा सगळ्यात घातक हात आधीच दूर केला. तरी झटापट झाल्यावर तो धावून आलाच, आणि जिवा महालानं त्याचा वार होण्याआधी त्याला तोडला. होता जिवा म्हणून वाचला शिवा हे खरंच, पण जिवाला तो एक क्षण मिळाला कारण बंडा चार पावलं लांब उभा होता. ती चार पावलं म्हणजे अ‍ॅडव्हान्स.

गाडीकडे येऊ. धोका सगळ्यात जास्त असतो चढताना आणि उतरताना, कारण जागा ठरलेली, वेळ साधारण ठरलेली आणि माणूस उघड्यावर. ड्रायव्हरनं सीट सोडायची नाही, दार उघडायला म्हणून धावत मागे यायचं नाही, ती नोकरशाही सवय आधी मोडावी लागते. इंजिन चालू, गाडी गिअरमध्ये टाकायच्या तयारीत. पीएसओ पुढे डावीकडे, साहेब मागे डावीकडे. पीएसओ आधी उतरतो, दार लॉकच असतं, आजूबाजूला बघून मग मागचं दार उघडतो. साहेबांना सांगायचं की मी काचेवर टकटक केल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही, आणि ते दर वेळी लावतात. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसले पाहिजेत एवढं अंतर ठेवायचं, म्हणजे स्टिअरिंग मारून बाहेर पडता येतं. मुंबईत दोन गाड्यांमध्ये फूटभर जागा दिसली की रिक्षा घुसते हे मला माहितीय, तरी ठेवायचं. मुंबईत रस्ते बदलण्यालाही मर्यादा आहे, बांद्र्याहून नरिमन पॉइंटला जायला किती वाटा असणार, म्हणून आम्ही वेळेशी खेळतो, आज साडेनऊ, उद्या पावणेअकरा.

सवय ही गोष्ट लोकांना फार साधी वाटते. १२ ऑगस्ट १९९७ ला गुलशन कुमार अंधेरीत जीतेश्वर महादेवाच्या देवळातून बाहेर पडले तेव्हा मारेकरी थांबलेलेच होते, कारण ते तिथं नियमानं पूजेला जातात हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या आधी १० ऑगस्ट १९८६, पुणे. जनरल अरुणकुमार वैद्य, ऑपरेशन ब्लू स्टारच्या वेळचे लष्करप्रमुख, रिटायर होऊन पुण्यात राहिलेले, जिवाला धोका आहे हे सरकारला माहीत. त्या दिवशी बाजारातून घरी येताना मारुती ते स्वतः चालवत होते, शेजारी बायको, बॉडीगार्ड मागच्या सीटवर. मोटरसायकलवरून आलेल्यांनी गाडीशेजारी येऊन गोळ्या घातल्या. स्टिअरिंग धरलेल्या माणसाला खाली वाकवता येत नाही, त्याला झाकता येत नाही, आणि गोळी त्यालाच लागली की गाडी पळवणारा कुणी उरत नाही. मागे बसलेला गार्ड कितीही तरबेज असू दे, त्याच्या हातात काय राहिलं सांग. साहेबाला गाडी चालवायची हौस असेल तर पहिल्याच दिवशी नम्रपणे, पण स्पष्ट बोलायचं.

आणि एकटा माणूस म्हणजे सिक्युरिटी नाही हेही डोक्यात घे. २०२४ च्या दसऱ्याला वांद्र्यात बाबा सिद्दीकींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा पोलीस कॉन्स्टेबल त्यांच्याबरोबर होताच. बाहेर फटाके वाजत होते. एकट्या माणसाला पुढे बघायचं, मागे बघायचं, दार उघडायचं आणि वर साहेबांचा फोनही धरायचा असतो. मी पोरांना सांगतो, हातात काहीही घेऊ नका. बॅग नाही, छत्री नाही, वहिनींची शॉपिंग तर अजिबात नाही. सुरुवातीला घरचे नाराज होतात, असू दे.

गर्दीत काय बघायचं तर हात. चेहरा खोटं बोलतो, हाताला काहीतरी धरावंच लागतं. मे महिन्यात जॅकेट घालून उभा आहे, सगळे स्टेजकडे बघतायत आणि हा एकटा गार्डकडे बघतोय, सकाळी ऑफिसच्या गेटवर दिसलेला चेहरा संध्याकाळी जिमच्या बाहेर परत दिसला, असल्या गोष्टी. गणपतीत साहेबांना लालबागला न्यायचं म्हणजे आमची परीक्षाच असते. तिथं धक्का द्यायचा नसतो, तळहात उघडा ठेवून कोपराच्या उंचीला आडवा धरायचा आणि तोंडानं "दादा, एक मिनिट, जरा पुढे, हां थँक्यू" असं चालूच ठेवायचं. छातीवर हात मारून ढकललंस तर दहा मोबाइलमध्ये ते शूट होतं, संध्याकाळपर्यंत व्हायरल, आणि शिव्या तुला नाही साहेबांना पडतात. हार घेऊन येणाऱ्याचा हार आपण मध्येच घ्यायचा, गळ्यात घालू द्यायचा नाही. यावर पुढारी मंडळी चिडतात. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदुरला एका महिला पोलिसानं हार घेऊन आलेल्या, अंगावर बॉम्ब बांधलेल्या बाईला मागे सारायचा प्रयत्न केला होता, येऊ दे म्हणाले ते स्वतः राजीव गांधी. त्या स्फोटात त्यांचा पीएसओ प्रदीप गुप्ताही गेला. त्यांचं एसपीजीचं, म्हणजे पंतप्रधानांसाठीच्या खास सुरक्षा दलाचं कव्हर १९८९ मध्ये सत्ता गेल्यावर काढून घेतलं होतं, आणि माजी पंतप्रधानांना ते द्यायची कायद्यात सोय झाली ती या घटनेनंतर.

एसपीजीचं सांगायला हवं कारण तुमच्या पिढीला ती काळे सूट आणि ब्रीफकेस एवढीच माहिती आहे. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर १९८५ मध्ये ती उभी राहिली, कायदा १९८८ चा. २०१९ मध्ये परत बदल झाला, आता ते कव्हर पंतप्रधान आणि त्यांच्याबरोबर सरकारी निवासस्थानी राहणाऱ्या जवळच्या कुटुंबाला, आणि पद सोडल्यावर पाच वर्षं. एसपीजीत बाहेरून डायरेक्ट भरती नसते, पोलीस आणि केंद्रीय दलांतून डेप्युटेशनवर घेतात, तेव्हा तुला कुणी "एसपीजीत लावतो" म्हणून पैसे मागितले तर सरळ पोलीस स्टेशन गाठ.

हल्ला झाला तर काय करायचं? तू म्हणशील गन काढायची. नाही. आधी झाकायचं, मग न्यायचं, गन ज्याच्या वाट्याला आली त्यानं बघायची. ३० मार्च १९८१, वॉशिंग्टन, हॉटेलातून बाहेर पडताना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर हिंक्लीनं सहा गोळ्या झाडल्या, १.७ सेकंदात. एवढ्या वेळात होल्स्टरचं बटणसुद्धा उघडत नाही. जेरी पार या एजंटनं रेगनला मागून धरून गाडीत लोटलं. टिम मॅकार्थी हल्लेखोराकडे तोंड करून हातपाय पसरून उभा राहिला, मुद्दाम मोठा झाला, आणि गोळी पोटात घेतली. माणसाला गोळीचा आवाज आला की तो आपोआप वाकतो, आकसतो, ते शरीरातच आहे, म्हणून ही गोष्ट महिनोन्महिने घोटून घ्यावी लागते. गाडी व्हाइट हाउसकडे निघाली होती, पारनं आत रेगनचं अंग चाचपलं, रक्त लागलं नाही, पण रेगनच्या तोंडातून फेसाळ लाल रक्त आलं तसं त्यानं गाडी हॉस्पिटलकडे वळवली. फुप्फुसाला गोळी लागली होती. हा निर्णय चुकला असता तर वाचले नसते. म्हणून मी म्हणतो फर्स्ट एड शिक, नुसतं सर्टिफिकेट नको, रक्त थांबवायला टुर्निके बांधणं, सीपीआर. आपले बहुतेक क्लायंट पन्नाशीच्या पुढचे, बीपी-शुगरवाले. गोळीपेक्षा हार्ट अटॅकची पाळी येण्याची शक्यता कितीतरी जास्त.

याच्या उलट ८ जुलै २०२२, जपानमधलं नारा शहर. माजी पंतप्रधान शिंझो आबे रस्त्यात भाषण करत होते, पाठीमागची बाजू उघडी होती. पहिला बार लागलाच नाही. दुसरा साधारण अडीच सेकंदांनी झाला आणि तो लागला. आमच्या कामात अडीच सेकंद म्हणजे भरपूर वेळ. आवाज कसला ते बघायला माना वळल्या आणि तेवढ्यात संपलं. जिथं वर्षानुवर्षं काही होत नाही तिथं हेच होतं, आवाज झाला की आधी वाटतं टायर फुटला असेल. आपल्याकडे तर लवंगी आणि सुतळी बॉम्ब बारा महिने.

आता इतिहास, तुझा तिसरा प्रश्न. धंदा इतका जुना आहे की राजा झाला त्याच दिवशी बॉडीगार्ड झाला असं समज. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात यावर अख्खा भाग आहे, राजानं स्वतःला कसं जपायचं. राजा झोपेतून उठला की पहिला वेढा धनुष्य घेतलेल्या बायकांचा, जेवण आधी अग्नीला आणि पक्ष्यांना घालून तपासायचं, आणि जवळ माणसं ठेवायची ती बापजाद्यांपासून चाकरीत असलेली, नात्यातली, शिकलेली, निष्ठा दाखवलेली. परक्या देशातला माणूस नको. आणि पुढचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं, ज्याच्यावर अन्याय करून नंतर परत जवळ घेतलंय असा स्वदेशातला माणूससुद्धा नको.

गंमत बघ, बायझंटाइन बादशहांनी बरोब्बर उलटं केलं. दहाव्या शतकाच्या शेवटी दुसऱ्या बेसिलनं उत्तरेकडचे व्हरांगियन लोक आणून गार्ड उभी केली, का, तर यांचं इथल्या राजकारणात कुणी काका-मामा नाही. पोपची स्विस गार्डही बाहेरचीच, १५०६ पासून. ६ मे १५२७ ला रोम लुटलं गेलं तेव्हा १८९ पैकी १४७ गार्ड मेले, आणि ते मरत असताना उरलेल्या ४२ जणांनी पोपला तटबंदीवरच्या वाटेनं किल्ल्यात पोचवलं. काहींनी अडवायचं आणि काहींनी घेऊन पळायचं, पाचशे वर्षांपूर्वीची ड्रिल आहे आणि आजही तीच शिकवतो. अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस मात्र १८६५ मध्ये निघाली ती खोट्या नोटा पकडायला. त्याच वर्षी लिंकनना नाटकगृहात गोळी घातली तेव्हा त्यांच्यासाठी नेमलेला पोलीस जागेवरच नव्हता. राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण या खात्याकडे आलं १९०१ मध्ये मॅकिन्लींचा खून झाल्यावर.

बाहेरचा ठेवा की घरचा ठेवा, दोन्हीकडे गार्ड उलटलेत. रोमचे प्रिटोरियन तर हद्दच. ४१ साली कॅलिग्युलाला मारला, आणि १९३ मध्ये पर्टिनॅक्सला मारून बादशाहीचा चक्क लिलाव केला, घेणारा दिदियस ज्युलियनस दोन महिने आणि काही दिवसांत गेला. लांब कशाला, आपला शनिवारवाडा. ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव पेशव्यांना मारणारे गारदी कोण होते? पगारी पहारेकरी. थकलेल्या पगाराचा गोंगाट करतच ते आत घुसले. "काका मला वाचवा" आणि ध चा मा सगळ्यांना आठवतं, पगार थकला होता हे कुणाला आठवत नाही. चापाजी टिळेकर मात्र तिथंच धन्याच्या अंगावर पडून मेला, आणि तो होता साधा खिजमतगार.

३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींवर गोळ्या घालणारे दोघंही त्यांच्याच पहाऱ्यावरचे. जानेवारी २०११ मध्ये पाकिस्तानात पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर, तेही स्वतःच्या गार्डच्या हातून. यात लोक लगेच जात-धर्म काढतात. मी आतल्या बाजूनं बघतो. मनात काहीतरी सलतंय आणि हातात हत्यार आहे असा माणूस पहाऱ्यावर असेल तर ते कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं, आणि लक्षात आल्यावर त्याला शिक्षा न देता, अपमान न करता, काही दिवस बिनहत्यारी ड्युटीवर टाकता यायला हवं होतं. प्रायव्हेटमध्ये प्रकार बारीक असतो पण मूळ तेच. साहेब दीड कोटीच्या गाडीत, आणि पुढच्या सीटवरचा माणूस तीन महिने ओव्हरटाइमची वाट बघतोय, त्याला सगळ्यांसमोर अरे-तुरे. तो गोळी घालणार नाही, पण साहेब आज कुठे आहेत हे कुणी पाचशे रुपये देऊन विचारलं तर सांगेल. धोका बहुतेक वेळा असाच आत येतो. म्हणून नवीन क्लायंट घेताना मी पहिले दोन प्रश्न विचारतो, पगार कितव्या तारखेला होतो आणि पोरांचं जेवण कुठे असतं. दुसऱ्याचं उत्तर "ते बघतात बाहेर कुठेतरी" असं आलं की मी रेट वाढवतो किंवा काम सोडतो.

आणि काही माणसं संरक्षण घेतच नाहीत. २० जानेवारी १९४८ ला बिर्ला हाउसमध्ये प्रार्थनेच्या वेळी बॉम्ब फुटला, माणूस पकडला गेला, तरी येणाऱ्यांची झडती घ्यायला गांधीजींनी नकार दिला. दहा दिवसांनी काय झालं ते सांगायला नको. आमच्या पातळीवर साहेब "मला काही होत नाही रे" म्हणतात तेव्हा भांडायचं नाही, लेखी रिपोर्ट द्यायचा, घरच्यांपैकी ज्याचं ऐकतात त्याच्यामार्फत बोलायचं. बहुतेक घरांत ती आई असते.

गनचा प्रश्न. बावीस-तेवीसच्या पोराला एजन्सी गन हातात देते हा गैरसमज काढून टाक. लायसन माणसाला मिळतं, शहरात पोलीस कमिशनरकडून, जिल्ह्यात कलेक्टरकडून, आणि कारण पटवून द्यावं लागतं. म्हणूनच गनमन म्हणून दिसतात ते बहुतेक माजी सैनिक, स्वतःच्या नावावर १२ बोर असलेले. नऊ एमएम सर्वसामान्य माणसाला मिळतच नाही, ते प्रोहिबिटेड बोअर. लायसन कुठल्या हद्दीत चालतं ते बघावं लागतं, साहेब गोव्याला निघाले म्हणून हत्यार घेऊन गाडीत बसता येत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार पोलीस स्टेशनला जमा करायचं, सूट पाहिजे तर अर्ज. म्हणजे ज्या महिन्यात पुढाऱ्याच्या आसपास गर्दी सगळ्यात जास्त, त्याच महिन्यात तुझी कंबर रिकामी असू शकते. त्यामुळे बिनगनचं काम येणं हेच खरं काम येणं.

एक्स, वाय, झेड, झेड प्लस हे जे बातम्यांत ऐकतोस ते सगळं सरकारी, धोक्याचा अंदाज घेऊन ठरतं, त्यात पोलीस आणि केंद्रीय दलांची माणसं असतात. पैसे भरून पोलीस प्रोटेक्शन घेणारेही आहेत, पण धोका आहे हे पोलिसांना पटल्याशिवाय मिळत नाही. आपण प्रायव्हेटवाले २००५ च्या प्रायव्हेट सिक्युरिटी एजन्सी कायद्याखाली येतो, आम्ही त्याला पसाराच म्हणतो. एजन्सीला त्याचं लायसन लागतं. गार्डचं ट्रेनिंग नियमानुसार १०० तास वर्गात आणि ६० तास फील्डवर, किमान वीस कामाचे दिवस. माजी सैनिक-पोलिसांना ४० आणि १६ तास. पुरुषांना किमान उंची १६० सेंटिमीटर, म्हणजे बघ, तुझे सहा फूट कुणी मागितलेच नव्हते. पोलीस किंवा मिलिटरीसारखा दिसणारा युनिफॉर्म घालायचा नाही. महाराष्ट्रात त्याशिवाय १९८१ च्या कायद्याची सुरक्षा रक्षक मंडळं आहेत, पण ती कंपन्या आणि गोदामांवरच्या गार्डसाठी, आपलं काम वेगळं. आणि हे १६० तास म्हणजे गेटवर उभं राहायची लायकी, क्लोज प्रोटेक्शन, म्हणजे माणसाला जवळून सांभाळणं, त्यात येत नाही, ते पुढं कुणाच्या तरी हाताखाली शिकावं लागतं.

भविष्य आहे का? आहे, पण बारा तासांची ड्युटी कागदावर असते, साहेब लेट झाले की ती सोळाची होते. दिवाळी, गणपती, थर्टी फर्स्ट घरी मिळणार नाही, कारण तेव्हाच साहेब बाहेर असतात. सुरुवातीचा पगार साध्या गार्डपेक्षा थोडाच वर असतो आणि एजन्सी क्लायंटकडून घेते त्यातलं बरंच मध्येच राहतं, म्हणून पीएफ आणि ईएसआयसी कापतात आणि भरतातही का ते विचार. वर चढायचं तर तीन गोष्टी कामाला येतात, चांगलं ड्रायव्हिंग, कामचलाऊ इंग्रजी आणि लिहिता येणारा रिपोर्ट. फॅमिली ऑफिसवाले (श्रीमंत घराण्यांचा पैसा-कारभार बघणारे), परदेशी कंपन्यांचे येणारे पाहुणे, त्यांना असा माणूस हवा असतो आणि तिथं पैसा आहे. घराची सिक्युरिटी हेही वाढणारं काम आहे, जानेवारी २०२५ मध्ये सैफ अली खानवर घरात घुसून चाकूनं वार झाले आणि त्याला रिक्षानं हॉस्पिटलला जावं लागलं, त्यानंतर बांद्रा-जुहूकडच्या लोकांनी जिने, डक्ट आणि रात्रीची गाडी-ड्रायव्हर या गोष्टींबद्दल फोन करून विचारायला सुरुवात केली.

मुलींना तर मागणी आहे आणि माणसं मिळत नाहीत. साहेबांच्या आईबरोबर, मुलीबरोबर, शाळेत, लेडीज वॉशरूमच्या दारापलीकडे पुरुष गार्ड काय करणार. तुमच्या तालमीत किंवा कबड्डीच्या टीममध्ये कुणी शांत डोक्याची मुलगी असेल तर तिला हे आवर्जून दाखव, तुझ्याआधी तिला काम लागेल.

तू काय करावंस? एक भरतीचा चान्स वयात बसत असेल तर तो आधी देऊन घे, फौज किंवा पोलीस मागे असेल तर या लाइनीत पाच वर्षं वाचतात. नसेल तर पसारा लायसन असलेल्या एजन्सीत साधा गार्ड म्हणून लाग, ड्रायव्हिंग लायसन काढ, फर्स्ट एडचा कोर्स कर. पोलीस व्हेरिफिकेशन होणार, तेव्हा गावातली भांडणाची केस वगैरे असेल तर एजन्सीला आधीच सांग, नंतर निघाली तर नोकरी जाते. "व्हीआयपी कमांडो ट्रेनिंग, शंभर टक्के प्लेसमेंट" अशा जाहिरातवाल्यांकडे आधी लायसन नंबर माग आणि पैसे रोख देऊ नकोस. आणि इन्स्टावर हातात खोटी पिस्तूल घेतलेले फोटो असतील तर आजच काढ, मी मुलाखतीच्या आधी तेच बघतो.